पूर्ववत

अर्जावर शब्द होता : बाग पूर्ववत करणे.
सही माझी, शिक्का ट्रस्टचा.
नऊ एकर, ओवळ्याच्या वरच्या अंगाला,
जिथे डोंगर घोडबंदर रस्त्याकडे पाठ करून बसतो.

पहिली दोन वर्षं नुसती काढण्यात गेली.
घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ.
एक टेम्पोभर चपला, त्यात जोडी एकाचीही नाही.
कारंज्याच्या पोटात सिमेंटचा हत्ती, सोंड तुटलेला.
विहिरीतून सत्तावीस ट्रॉल्या गाळ,
आणि मग पाणी आलं,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं ओशाळून.

शलोम राजपूरकरांची वही आमच्याजवळ होती.
निळ्या शाईत लिहिलेली, वाळवीने तपासलेली.
'चौथा वाफा, सोनटक्का. मासळीचं खत घातलं. मांजरं आली.'
'बायको म्हणते गुलाब, माती म्हणते नको.'
'आज शाळेची पोरं आली. एकाने कैरी न विचारता घेतली.
बरं वाटलं.'
वहीबरहुकूम आम्ही लावत गेलो.
वाळवीने जिथे ओळ खाल्ली होती
तिथे अंदाज लावला,
आणि त्या अंदाजालाही आळं करून पाणी घातलं.

बकुळीला इकडची जुनी माणसं ओवळी म्हणतात.
गाव ओवळे, आणि बागेत ओवळी एकही नाही.
पाच लावल्या.
रोपवाटिकेचा वसीम म्हणाला, फुलायला वेळ घेते बरं का मॅडम.
मी म्हटलं, घेऊ दे. मी गुडघ्यांचे व्यायाम सुरू केलेत.

फाटक उघडलं. तिकीट तीस रुपये.
रविवारी माणसं येतात, हिरानंदानीतून, कासारवडवलीतून,
पाण्याच्या बाटल्या, टोप्या, आजारांची यादी घेऊन.
हे शुगरला चालतं का?
ह्याचा वास का येत नाही?
लग्न ठरलेली जोडपी सोनटक्क्यात उभी राहून
दहा वेळा पहिल्यांदा हसतात.
एका मुलीने लाजाळूला बोट लावलं
आणि पान मिटल्यावर हळूच सॉरी म्हणाली.
त्या दिवशीचा गल्ला मी मोजला नाही.

वहीतल्या नकाशात ओढ्याकाठी एक चौकोन कोरा होता.
नाव नाही, नंबर नाही, वाळवीही नाही.
कमळांचं तळं करू, ट्रस्टी म्हणाले.
किंवा बाकं. किंवा देणगीदारांची पाटी.
आखणी झाली, चुना पडला.

जानी भावर तिथेच निंदत होती,
दोन वर्षं रोज आठ ते पाच, आणि बोलणं
एवढंच, की विळ्याला धार लावून आणा.
ती उभी राहिली.
'इथं नका.
माझ्या सासऱ्याचा बाप इथं नाचणी करायचा.
बाग मागून आली.'
आवाजात राग नव्हता.
कुणी पत्ता विचारला तर सांगावा, तसं सांगितलं :
ते तिकडे, पिंपळावरून डावीकडे.

राजपूरकरांनी तेवढं का सोडलं असेल?
दया, की लाज, की नुसता करार?
वही मी उजेडात धरून पाहिली.
कागद कोराच होता.

पूर्ववत.
म्हणजे कुठल्या सालापर्यंत?
सत्तावीस ट्रॉल्यांच्याही खाली
आणखी किती ट्रॉल्या?
अर्ज तर मीच लिहिला होता,
सुवाच्य अक्षरात.

तळं झालं नाही.
चुना पहिल्या दोन सरींत गेला.
जानीने पदरातून बियाणं आणलं, कुठून ते विचारलं नाही.
पाट्या करणारा मात्र अडून बसला :
शास्त्रीय नाव द्या, लागवडीचं वर्ष द्या.
नाव मी दिलं. वर्षाची जागा
अजून तशीच आहे.

काल एक गृहस्थ काठीने वाफा दाखवत म्हणाले,
'बाकी सगळं छान आहे हो,
पण ह्या गवताला फूल कधी येतं?'

जानीने मान वर केली नाही.
'कणसं येतात,' ती म्हणाली.
'त्याच्या आधी चिमण्या येतात.'